आमचे चार

१

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. हिलालभाऊंना तसा शब्द दिला होता, आणि नंतर पप्पांनाही. दोघांना दिलेले शब्द वेगवेगळ्या गोष्टींचे होते. आता ती एकच गोष्ट झाली आहे, म्हणून दोन्ही शब्द मोडते आहे.

मी सुलक्षणा. जूनमध्ये दहावीत जाईन. आम्ही अमळनेरला, रेल्वे लाइनच्या अलीकडच्या गल्लीत राहतो. घर एकमजली आहे. पप्पांना वर एक खोली काढायची आहे, म्हणून गच्चीच्या मागच्या बाजूला कठडा बांधलेला नाही. तिथे दोन कॉलमचे गज उघडे उभे आहेत, चार आणि चार. खाली खडीचा ढीग आणून टाकला आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे लागेल.

सुट्टी लागताना आमच्या विज्ञानाच्या साबेरा मॅडमनी एक काम दिलं होतं. सिंह राशीच्या शेपटीपलीकडे अरुंधती केश नावाचा अगदी अंधुक तारकापुंज आहे. मे महिन्यात तो रात्री नऊला जवळजवळ डोक्यावर येतो. रोज त्यातले तारे नुसत्या डोळ्यांनी मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. ज्याची वही चांगली, त्याला नाशिकच्या आकाशदर्शन शिबिराला पाठवणार. मला वर्गात हात वर करता येत नाही, पण मोजता येतं. हे काम माझंच आहे असं मला वाटलं.

आणि त्याच महिन्यात आमच्या दारासमोरच्या खांबावरचा जुना पिवळा दिवा काढून पांढरा एलईडी लावला. गच्चीवर सुई पडली तरी सापडेल एवढा उजेड. पहिले आठ दिवस माझ्या वहीत एकच आकडा आहे, शून्य.

मी छत्री धरून पाहिली. दोरीवर चादर टाकून पाहिली. जुन्या कॅलेंडरची नळी करून एक डोळा लावला. शेवटी पप्पांची घोंगडी डोक्यावर घेऊन बसले, बेचाळीस डिग्रीत. माझी धाकटी बहीण रोहिणी तिसरीत आहे. ती म्हणाली, "आई, ताईला अंड्यावर बसवलंय का गं?"

हिलालभाऊ आमच्याच गल्लीत राहतात, दिव्यांच्या ठेकेदाराकडे वायरमन आहेत. त्यांच्याशी बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून मी अर्ज लिहिला. विषय: दिव्यास आडोसा करणेबाबत. त्यांनी तो उभ्यानेच वाचला आणि खूप हसले.

"माले आजपावेतो कोनी अर्ज नही दिना," ते म्हणाले. "तू पहिलीच!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा उभा कापला आणि दिव्याच्या आमच्या बाजूला तारेनं आवळून बसवला. शिडीवरून उतरताना म्हणाले, "कोनलेच सांगू नको बरं, पोरी. नहीते मन्ही नोकरी जाई."

मी मान हलवली.

२

डब्याची सावली बरोबर आमच्या गच्चीवर पडली. जिन्याच्या खोलीपासून मागच्या गजांपर्यंत, एका सतरंजीच्या लांबीएवढा रुंद काळा पट्टा. त्याची कड इतकी रेखीव होती की तिच्यावर पाय ठेवला तर अर्धं पाऊल पांढरं आणि अर्धं दिसेनासं व्हायचं. आई-पप्पा टाकीजवळ उजेडातच झोपत. मी पट्ट्यात, जिन्याच्या भिंतीला लागून. माझ्या पलीकडे रोहिणी, कारण तिला माझ्याशिवाय झोप येत नाही. तिच्या पलीकडे मोकळी जागा, आणि मग कड.

पहिल्या रात्री मला चार तारे दिसले. मी रडले, पण अंधारात ते कुणाला कळलं नाही.

इथे आमच्या गल्लीची एक पद्धत सांगायला हवी. उन्हाळ्यात सगळी गल्ली गच्चीवर झोपते. दोन वर्षांपूर्वी एक चोर गच्च्यांवरून चालत आला आणि झोपलेल्यांच्या उशाखालून किल्ल्या घेऊन गेला. लोकांना तो दिसला होता, पण प्रत्येकाला वाटलं शेजारच्यांचाच कुणी आहे. तेव्हापासून ठरलं, की प्रत्येक घरातून जो शेवटी वर येईल त्यानं जिन्याच्या दाराला गच्चीकडून कडी लावायची आणि आपली माणसं किती ते ओरडून सांगायचं. समोरच्या सुंदरबाई अक्का ते ऐकतात. त्यांची गच्ची आमच्याहून थोडी उंच आहे आणि त्यांना झोप कमी आहे. त्यांनी "बरं" म्हटलं की झालं.

आमच्या घरातून शेवटी मीच जाते, कारण वही खाली लिहिते. मला ओरडण्याचा संकोच वाटतो.

"आमचे चार," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल वं माय," अक्का पलीकडून म्हणाल्या. "तू बोलनी का डास गुनगुनना, काय समजनं नही."

"आमचे चार!"

अक्का नेहमी लगेच "बरं" म्हणतात. त्या रात्री, डबा बसवल्याच्या तिसऱ्या रात्री, त्या थांबल्या.

"चार कशा? पाच दखाई ऱ्हायनात. पाव्हनी उनी का?"

पप्पा अंथरुणावरूनच हसले. "अक्का, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या आता. एकाचे दोन दिसायला लागले तुम्हाला."

"एकना दोन दखातात, ते मंग तुम्ही आठ दखायले पाहिजे ना भाऊ," अक्का म्हणाल्या. "पाच कशा?"

सगळ्या गच्च्यांवर हशा झाला. मीही हसले. नंतर मी बोटांवर मोजलं. आई, पप्पा, रोहिणी, मी.

३

मॅडमनी एक युक्ती शिकवली होती. अंधुक तारा सरळ बघितला की नाहीसा होतो. डोळ्याचा मधला भाग दिवसासाठी असतो, कडेचा भाग रात्रीसाठी. म्हणून तारा बघायचा असेल तर त्याच्याकडे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. मग तो कडेला उमटतो. "तो लाजतो असं समज," मॅडम म्हणाल्या होत्या, आणि वर्ग माझ्याकडे बघून हसला होता.

मी हा सराव रोज करत होते. पाच तारे झाले, मग सात.

एका रात्री मी उठून बसले होते आणि दक्षिणेला हस्त नक्षत्राचा चौकोन बघत होते. तो गजांच्या बराच वर होता. गज माझ्या नजरेच्या खालच्या कडेला उभे होते. मोजायची सवय वाईट असते, मी न बघता मोजत गेले. चार. चार. आणि दोन्हींच्या मधे एक.

मी सरळ बघितलं. आठच गज, मधे आभाळ.

परत हस्ताकडे बघितलं. मधला तिथेच होता. गजांपेक्षा जाड, आणि उंचीला माझ्याएवढा.

मी स्वतःला समजावलं. वाळत घातलेलं काही असेल, पण मागे दोरी नाही. शेजारच्या नारळाचं खोड असेल, पण ते डावीकडे आहे. मग आठवलं की डोळा दमला की खोट्या आकृती दिसतात, हे पुस्तकात आहे. मी ते वाक्य मनात दोनदा म्हटलं आणि झोपले. वहीत त्या दिवशी एवढंच आहे: तारे सात. गजांबद्दल काही लिहिलं नाही. नोंदवहीत नसलेली गोष्ट घडलेली नसते, असं मला तेव्हा वाटत होतं.

४

दोन दिवसांनी पहाटे जाग आली तेव्हा माझ्या आणि रोहिणीच्या मधे जागा होती.

एका माणसाची जागा. सतरंजीवर एक सुरकुती नव्हती. रोहिणी पलीकडे सरकून, नुसत्या सिमेंटवर झोपली होती.

"अगं, अंथरूण सोडून कुठे गेलीस?" मी तिला हलवलं.

"तूच म्हणालीस ना," ती डोळे न उघडता म्हणाली.

"काय म्हणाले?"

"सरक थोडी. दोनदा म्हणालीस. मला उठवलंस आणि आता परत उठवतेस." मग ती पूर्ण जागी झाली आणि चिडली. "पादरी कुठली! स्वतः जागा अडवते आणि मला विचारते."

"पादरी नको म्हणू."

"मग ढेमसं."

मी झोपेत बोलत असेन. आई म्हणते लहानपणी बोलायचे. मी उठून रोहिणीपासून कडेपर्यंत वितींनी मोजलं. बारा वीत.

दुसऱ्या दिवशी नऊ.

तिसऱ्या दिवशी मी जागा बदलली. रोहिणीला भिंतीकडे घेतलं आणि मी कडेच्या बाजूला झोपले. माझ्या ओढणीचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि एक तिच्या. पहाटे मी भिंतीकडे होते. रोहिणी पलीकडे होती. ओढणी सोडलेली होती आणि मधल्या रिकाम्या जागेवर घडी करून ठेवली होती. मी घालते तशीच तिहेरी घडी, टोक आत खोचून.

सहा वीत.

५

"पप्पा, रोहिणीला खाली झोपवू या."

"भट्टीत?" पप्पा दाढी करत होते. "स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. तिला घामोळं आलंय आधीच."

"मग मागे विटा तरी लावा."

"लावतो उद्या."

"ती कडेकडे सरकते, पप्पा."

"मग तू तिला धर. आणि सारखी तारे तारे करून तिचीही झोप मोडू नको." आरशातून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय झालंय? घाबरलीस कशाला?"

मी गजांचं सांगितलं नाही. अक्कांचं सांगितलं, पाच दिसल्याचं. पप्पांनी वस्तरा खाली ठेवला.

"हे बघ सुलू. म्हातारं माणूस काहीतरी बोलतं. गल्लीत कुणाला हे सांगत बसू नकोस. उद्या कुणी म्हणेल घरात काहीतरी आहे, मग वरच्या खोलीला भाडेकरू मिळायचा नाही. बोलणार नाहीस ना?"

मी नाही म्हटलं. हा दुसरा शब्द.

दुपारी आईनं अक्कांकडे कुरडया द्यायला पाठवलं. अक्का दारात बसल्या होत्या, मान एका बाजूला वळवून. मी समोर उभी राहिले तरी त्यांनी माझ्याकडे तोंड केलं नाही.

"अक्का, मी इकडे आहे."

"माले माहिती शे," त्या म्हणाल्या. "मधला डोळा गया मना. समोरनं काहीच दखात नही. असं वाकडं दखं ना, मंग कडेकडेनं दखास."

कुरडयांचं ताट माझ्या हातात तसंच राहिलं. मला वाटत होतं अक्कांना कमी दिसतं. त्यांना मॅडमच्या युक्तीनं दिसत होतं, दिवसा आणि रात्री, कायम.

"अक्का," मी हळूच विचारलं, "ती पाव्हनी… अजून दिसते?"

"रोज," त्या सहज म्हणाल्या. "तुन्हामायकच शे. पहिले गजजवळ उभी राहे. आते तुम्हना दोन्हींना मजार झोपस." माझ्यासारखीच, आणि आमच्या दोघींच्या मधे. अक्कांनी कुरडई तोडून तोंडात टाकली. "मामानी पोर शे का?"

६

त्या रात्री मी झोपायचं नाही असं ठरवलं. रोहिणीचा हात घट्ट धरला. तळहाताला घाम आला की ती "शी" म्हणून सोडवून घ्यायची, मी परत धरायचे. मालगाड्या मोजल्या. तीन गेल्या.

मग हात थंड लागायला लागला. मी तो सोडला नाही. मला माहीत होतं की सरळ बघितलं तर काही दिसणार नाही, रोहिणीचं डोकं दिसेल आणि मी स्वतःला परत समजावेन. म्हणून मी उताणी पडले आणि वर बघितलं. अरुंधती केश पश्चिमेला कलला होता. त्याच्याकडेच बघत राहिले.

नजरेच्या उजव्या कडेला रोहिणी नव्हती. ती आणखी पलीकडे होती, लहान, मुटकुळं करून. माझ्याजवळ जी होती ती माझ्याएवढी लांब होती. तीही उताणी होती. तिचा एक हात माझ्या हातात होता. दुसरा तिनं वर केलेला होता, आणि बोटानं ती आभाळातलं काहीतरी एक एक करून टिपत होती.

मी तारे तसेच मोजते.

मला ओरडायचं होतं. त्याऐवजी माझं बोट वर गेलं, का ते मला माहीत नाही. एक. दोन. तीन. तिचं बोट माझ्यापेक्षा एक तारा पुढे होतं.

मी मान वळवली. माझ्या मुठीत ओढणीचं टोक होतं. रोहिणी कडेला, दोन कॉलमच्या मधे. धावत जाऊन तिला ओढलं तेव्हा तिचा एक पाय खाली लोंबत होता.

"आता अजून किती सरकू?" ती झोपेत म्हणाली.

७

आज दुपारी मी हिलालभाऊंकडे गेले. अर्ज लिहिला नाही. सरळ म्हणाले, "डबा काढा."

"तारा सरी ग्यात का तुन्हा?" ते हसले. मग माझं तोंड बघून शिडी आणायला गेले.

नाशिकचं शिबिर गेलं, हे मला माहीत होतं. वहीत काल अकरा आकडा होता, वर्गात कुणाचाच एवढा नसेल. पण गच्चीवर पूर्ण उजेड पडला की पट्टाच राहणार नाही. पट्टा नाही तर ती नाही. एवढं माझं साधं गणित होतं.

पाच वाजता हिलालभाऊंनी तार सोडली आणि डबा खाली आणला. तो उलटा करून झटकला.

"नवलच शे," ते म्हणाले. "एवढा दिन दिव्यावर ऱ्हायना, अन् मजार एक किडा नही."

सगळ्या दिव्यांखाली किडे मरून पडतात. डबा आतून धुतल्यासारखा होता.

सात वाजता गल्लीतले दिवे लागले. आमचा लागला नाही. हिलालभाऊंना फोन केला. ते म्हणाले, डबा काढताना वायर हलली असेल, सकाळी बघतो. पप्पा वरून म्हणाले, "घे, तुझ्या मनासारखं झालं." मी वर जाऊन आले. आता पट्टा नाही, सगळी गच्ची सारखीच काळी आहे, टाकीपासून गजांपर्यंत. डोक्यावर अरुंधती केश सरळ बघूनही दिसतो आहे. मी मोजला नाही. रोहिणीचं अंथरूण आई-पप्पांच्या मधे घातलं. ती म्हणाली, "मधे वारा लागत नाही, मी ताईजवळच झोपणार." आईला म्हटलं, तिला उठू देऊ नकोस. आई म्हणाली, "बरं गं बाई, तू ये लवकर."

मग मी हे लिहायला खाली आले. उद्या वही मॅडमना देणार आहे, आकड्यांसकट आणि ह्याच्यासकट. त्या हसणार नाहीत. आत्ता पावणेदहा झालेत. स्वयंपाकघरातला दिवा चालू आहे. हे पान संपलं की वर जाईन, कडी लावीन, आणि आज रात्रभर

वरच्या दाराला कडी लागली.

पप्पा असतील. पण कडी शेवटच्या माणसानं लावायची असते, आणि मी अजून

"आमचे चार!"

मोठा, स्वच्छ आवाज. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. मला इतक्या मोठ्यानं कधी ओरडता आलं नाही, पण आवाज माझाच आहे.

पलीकडून अक्का म्हणाल्या, "आज बरी मोठ्यानं बोलनी वं माय. बरं!"

म्हणजे मोजणी झाली. आई, पप्पा, रोहिणी आणि… दार त्या बाजूनं बंद आहे. मी हाक मारली तर पप्पा म्हणतील, सुलू तर इथे आहे. वर धावण्याआधी एवढं लिहून ठेवते. ज्याला ही वही सापडेल त्यानं आधी मागच्या खडीपाशी दिवा लावावा, आणि वर बघताना सरळ बघू नये, जरा बाजूला

रोहिणी बोलते आहे. झोपाळलेला आवाज, मागच्या बाजूनं, गजांकडून.

"ताई, सरक ना थोडी. मी पडेन."

ही हाक मला नाहीये, पण मी